हबसाणातून आलेले नाव

दाणाओळी, लष्कर-ग्वाल्हेर
माघ वद्य पंचमी, शके १८६४

तीर्थरूप मंदाताई वन्संच्या चरणी धाकट्या भावजयीचा बाजेवरूनच नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? इकडे मी आणि बाळ गोपाळकृष्णाच्या कृपेने ठणठणीत. (बाळंतिणीने लिहिले तर डोळे जातात असे सासूबाईंचे म्हणणे. त्या देवळात गेल्या आहेत, तोवर उरकते.)

बुधवारी बारसे, आणि नावावरून घरात तीन तट. आधीच्या दोन्ही मुली गेल्या, म्हणून सासूबाईंना 'धोंडू' हवे. असले ओबडधोबड नाव ऐकून यम दारातूनच परततो म्हणे. (तुमच्या मातोश्री, म्हणून जास्त बोलत नाही.) शेजारच्या पंडिताइन तर परवा सूप घेऊनच आल्या. बाळाला सुपात घालून अंगणभर ओढायचे आणि नाव ठेवायचे 'घसीटा'! मी नको नको म्हणेपर्यंत दोघींनी जोर लावलासुद्धा. सुपाची कड हातात आली आणि दोघी धपकन मागे बसल्या. बाळ झोपलेलेच. वर मलाच बोलणी, "अरी बहू, हँसती क्या है!"

तिसरा तट तुमच्या बंधूंचा. पलटणीबरोबर वर्षभर हबसाणात, म्हणजे ॲबिसीनियात, राहिले आणि तिथल्या दुभाष्याचे नाव घेऊन आले: 'कासा'. तिकडच्या अम्हारी भाषेत त्याचा अर्थ भरपाई. घरातले कोणी गेल्यावर जे मूल होते, त्याचे ठेवतात. शिवाय तिथे आडनाव नसते, मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लावतात, म्हणजे बरेचसे आपल्यासारखेच, हा वकिली मुद्दा वेगळा. मी म्हटले, शाळेत मास्तर हजेरी घेताना काय म्हणतील? आणि भरपाई कसली? फुटक्या बरणीबदली दुकानदार दुसरी देतो, तशी? तर म्हणाले, "अगं, आपण यमाला फसवायला बघतो. ते लोक फसवत नाहीत. मुलाला हाक मारली, की गेलेल्याचीही आठवण निघते." मी सांगितले, आठवण मनात ठेवायची असते, हजेरीपटात नाही. (मॅट्रिक झालेल्या बायकोशी वाद घालू नये, हे त्यांना उशिरा कळते.)

तेव्हा मी ठरवले आहे: लक्ष्मीकांत. देवाचे नाव, दिवसातून शंभरदा तोंडी येईल, पुण्य फुकट. तुम्ही आत्या, कानात नाव सांगण्याचा मान तुमचा, म्हणून मंगळवारीच या. पेढे आणू नका. मी गूळखोबरे वाटणार आहे.

तुमची,
शामला

ता. क. पाळण्याशी 'लक्ष्मीकांत' खणखणीत म्हणा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

आणखी एक. कानात मात्र आधी 'कासा' सांगा. अगदी हळू. तुमच्या बंधूंना कळू देऊ नका, जिंकलो म्हणतील. कुमुदिनी आणि वनमाला ही नावे या घरात दोन वर्षांत कोणी उच्चारलेली नाहीत, वन्सं. गेले चार दिवस दुपारी दार लावून मी बाळाला 'कासा' म्हणूनच हाक मारते आहे. बारशाआधी नाव घेतल्याचा दोष लागतो, तेवढा तुम्ही येऊन निस्तरा.