अंगठ्याचं पान

आये,

तू गेल्यापासून तुझ्याशी मनातल्या मनातच बोलत आले. कागद घेऊन बसायची वेळ आज आली, कारण तू दाबलेलं ते पान सुरकुतायला लागलंय. एक-दोन दिवसांत गळेल. हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार? ऐकणारा म्हणेल, बाई, एक पान तर गळतंय.

गच्चीत धुकं आहे. समोरची अनगोळची घरं अजून दिसत नाहीत. कुंड्यांतली सक्युलंट तेवढी निळसर दिसतात, जाड पानांचे एकात एक फेर आणि त्यांवर पिठासारखी पांढरी साय. तू त्यांना ‘दगडाची कमळं’ म्हणायचीस. निपाणीहून तुला इकडं आणलं त्याच आठवड्यात विचारलंस, “ह्यास्नी पाणी कोण घालत न्हाय व्हय गं?” पंधरा दिवसांतून एकदा पुरतं, जास्त झालं की कुजतात, असं मी सांगितलं. तुला पटलंच नाही. मी बँकेत गेले की तू गुपचूप तांब्या घेऊन वर. दोन रोपं कुजवलीस, आठवतंय? वर म्हणालीस, “दारात आलेल्याला पाणी विचारायचं नसतं व्हय?”

तेवढ्यावर भागलं असतं. पण एक दिवस तू सगळ्यात मोठ्या रोपाचं पान अंगठ्यानं दाबून बघितलंस. विडीचं पान वळण्याइतकं ओलं आहे का, हे तू जन्मभर तसंच दाबून बघत आलीस. मला कळायला हवं होतं. मला दिसला तो फक्त डाग. ती साय एकदा पुसली की त्या पानावर परत येत नाही. लई बोलले तुला. माझं तोंड तुला माहीत आहे, तुझ्याकडूनच आलंय. आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून पुठ्ठ्यावर पाटी लिहून टांगली: हात लावू नये.

तू अक्षरं शिकलीस ती माझ्या शाळेच्या पुस्तकांवरून. पाटीपुढं उभी राहून एकेक अक्षर लावून वाचलंस. मग म्हणालीस, “अक्षर लई झ्याक आलंय गं.” आणि दोन्ही हात पदराखाली घेतलेस.

आये, ते शब्द तू लहानपणी कुठं ऐकलेस हे मला माहीत नव्हतं का? मालकाच्या दारात ओंजळीत वरून सोडलेलं पाणी, आणि ‘लांब हो, शिवू नको’. विड्या वळता वळता तूच सांगितलेलंस. त्याच विड्यांवर मी शिकले, आणि झ्याक अक्षरात तेच लिहून तुझ्यापुढं टांगलं. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त झाडं होती. हे कारण मी स्वतःला कितीदा तरी सांगितलंय. पुरत नाही.

एक शब्द तरी बोलायचास. अख्ख्या गल्लीशी भांडणारी तू, माझ्यापुढंच का गप्प बसलीस?

त्यानंतरही तू रोज वर यायचीस. हात पदराखाली ठेवून कमळं बघायचीस आणि खाली जायचीस. पावसाळ्यात कायमची गेलीस. अजून सुट्टीच्या दुपारी डोळा लागला की येतेस. गच्ची असते, पण कठडा नसतो. कमळं धुक्यावर नुसती तरंगत असतात आणि तू त्यांच्यामधनं चालत असतेस, कुठं धक्का न लावता. मी म्हणते, लाव की हात. तू हसतेस. हात काही बाहेर येत नाहीत.

डाग मात्र राहिला. तू दाबलंस तेव्हा ते पान वरच्या फेरात होतं. मधून नवी पानं येत गेली तसं खाली सरकत सरकत तळाला आलं. परवा भिंग लावून बघितलं. रेघा नाहीतच, नुसता गुळगुळीत गोल. रेशनच्या मशीनला तुझा अंगठा कधी लागला नाही, विड्या वळून झिजलाय म्हणायचे. ह्या पानाला लागला.

इथवर लिहिलं आणि उठले. ते पान बुडातून हलकंच हलवून अख्खं काढलं. विड्या वळताना मांडीवर घ्यायचीस ते सूप माळ्यावरून खाली घेतलं, त्यात कोरडी माती पसरली आणि वर पान ठेवलं. पाणी घातलं नाही. मुळं फुटेपर्यंत घालायचं नसतं, रागावू नको. लागलं तर बुडाशी नखाएवढं कमळ येईल. ते वाढेल तसं हे पान सुकत जाईल आणि डागही जाईल. ठेवून घ्यायची काही सोय नाही गं.

पाटी मघाशीच काढली. नवं रोप आलं की ते गच्चीत नाही, दारात ठेवीन. येणारा-जाणारा हात लावील, डाग पडतील, पडू देत. कुणालाही नको म्हणणार नाही, हा माझा शब्द. तू फक्त पुढच्या दुपारी येशील तेव्हा हात पदराबाहेर काढून ये.

तुझी, झ्याक अक्षराची
सुमी