टीव्ही लाव

मंगळवार, संध्याकाळ. दूधविनायक.

नाही म्हणजे नाही. माझ्या घरात मी हिंदी बोलणार नाही, आणि त्या डब्याशी तर मुळीच नाही.

निखिलने आज तो बोलका स्पीकर आणला आणि टीव्हीला जोडला. आता रिमोट नको, नुसतं तोंडाने सांगायचं म्हणे. मी सांगितलं, "टीव्ही लाव." डबा गोड आवाजात म्हणाला, "ठीक है, टीवी ख़रीदारी की सूची में जोड़ दिया है." त्याला 'लाव' म्हणजे 'लाओ' वाटलं! भिंतीवर धडधडीत टीव्ही असताना हा दुसरा आणायला निघाला.

निखिल हसत सुटला. "आई, 'चालू करो' बोल ना. काय फरक पडतो?"

काय फरक पडतो? भाजीवाल्याशी हिंदी, शाळेत हिंदी, घाटावर हिंदी. उंबऱ्याच्या आत तेवढी मराठी उरली आहे. पणजोबांपासून हिंदी मुलखातल्या या गल्लीत आहोत, कुणी सोडली नाही. मी सोडू? तीही एका डब्यासाठी? हट्टी आहे का मी? असेन.

हटूनच बसले. शेवटी निखिलला त्याच्या फोनमध्ये सापडलं की डब्याला आपलं वाक्य शिकवता येतं. लगेच शिकवायला लावलं. मग खुर्चीत नीट बसून म्हटलं, "टीव्ही लाव."

लागला!

निखिल ओरडला, "देखा, चल गया!"

मी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"लागला," तो म्हणाला. "लागला, आई."