दोन रेघा, एक टिंब

१० फेब्रुवारी १९८४, शुक्रवार

उद्या गाडी कोंडाजीकडे द्यायची. फियाटचं आतलं निळं प्लास्टिक उन्हाने पांढुरकं पडलंय, दारांचं रेक्झिन हाताला चिकटतं. वत्सला म्हणते, कॉफी कलर करा, मळखाऊ. ठरलं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे निवृत्तीराव जिन्यात भेटले. "देताय खरं सर, पण लक्ष ठेवा हं! ओरिजनल माल काढून घेतात आणि भंगारातला बसवतात. वरून रंग मारला की तुम्ही काय ओळखणार?"

मी हसलो. घरात आल्यावर मात्र तेच डोक्यात.

कोंडाजी आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून काम करतो. कडुनिंबाखाली ताडपत्री बांधलीय. तो गाड्यांना आतून रंग देतो, बायको ठमाबाई मशीनवर सीटची कव्हरं शिवते. चार वर्षं झाली. जागा सोसायटीची. त्यांना राहू द्यायचं की उठवायचं, ते मार्चच्या मीटिंगमध्ये ठरणार — आणि सेक्रेटरी मी. "सर, तुमच्या शब्दावर हाय सगळं," परवा म्हणालाच. म्हणून बजावलंय, मजुरी पूर्ण घेणार असाल तरच गाडी देतो.

११ फेब्रुवारी

एक गोष्ट केली. बरी की वाईट, कळत नाही.

सकाळी वत्सला शाळेत शिकवायला जायची तयारी करत होती तेवढ्यात खाली गेलो आणि खिळ्याने खुणा केल्या. दारांच्या आतून हात टेकायला प्लास्टिकची पट्टी असते. दार ओढताना बोटं तिच्याखाली जातात. तिथे, खालच्या अंगाला. दोन रेघा, एक टिंब. चारही दारांना. तिथे वाकून कोण बघतंय! खुणा परत आल्या की माल आमचा. नाही आल्या की —

आई भांड्यांवर नाव घालून घ्यायची, तसंच हे. पण ती सगळ्यांसमोर घालून घ्यायची. मी आजूबाजूला बघत होतो.

वत्सलाला शाळेपाशी सोडलं. उतरल्यावर बोट चोळत उभी होती. विचारायचं राहिलं. येऊन गाडी कोंडाजीच्या ताब्यात दिली.

१४ फेब्रुवारी

कॉलेजातून येताना मुद्दाम ताडपत्रीपाशी थांबलो. आमची गाडी आतून उघडी-बोडकी. दारांचे नुसते पत्रे. आणि कोंडाजीच्या पेटीत निळ्या पट्ट्या! तशाच. तीन-चार तरी.

"या कोणाच्या?"

"जुन्या हायेत सर, अशाच पडल्यात."

"आमच्या कुठायत?"

"धुऊन वाळत घातल्यात ना मागं."

मागे जाऊन बघितलं नाही. बघायला जाणं म्हणजे संशय घेणं. न बघता घरी येऊन संशय घेत बसलो.

१९ फेब्रुवारी, रविवार

अजून झालं नाही. पाच दिवसांत देतो म्हणाला होता. "सर, घाई नका करू. आधी घासायचं, भरायचं, मग रंग. ऊन खाल्ल्याबिगर रंग धरत नाय. गडबडीत केला तर पापडावानी निघंल."

ठमाबाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "सरांना सांगा, वरणभात हाय का, शिट्टी झाली का वाढला!"

दोघंही हसली. मीही. पण उशीर कशाला? बदलायचा माल जुन्या बाजारातून मिळायला वेळ लागतो म्हणून? असं मनात आलं. कुठून येतं हे?

२६ फेब्रुवारी

गाडी आली. आत बसून थक्क झालो. दारं, पट्ट्या, स्टिअरिंगखालचं कव्हर — सगळं कॉफी कलरचं, एकसारखं. कारखान्यातून आजच निघाली असावी तशी!

कोंडाजी गेल्यावर पट्टीखालून बोट फिरवलं. गुळगुळीत. दुसरं दार. गुळगुळीत. तिसरं, चौथं. बॅटरी आणून वाकून पाहिलं. रेघ नाही. टिंब नाही. एकाही दाराला नाही.

२७ फेब्रुवारी

सकाळी विचारलं. साधंच विचारलं. "कोंडाजी, या पट्ट्या आमच्याच ना?"

तो मोठ्यांदा हसला. "मग कोनाच्या! वळखू येईना ना सर? हेच तर काम हाय आपलं!"

निर्लज्जपणा की निष्पापपणा? चेहरा वाचायची कला मला अवगत नाही. मला पुरावा कळतो. खुणा होत्या, आता नाहीत.

वत्सलाला खुणांचं सांगितलेलं नाही. ती विचारेल — खिळा घेऊन खाली गेलात? तुम्ही?

११ मार्च

मीटिंग. कोंडाजीचा विषय आला तसे निवृत्तीराव म्हणाले, "सरांनी आत्ताच काम करून घेतलंय, तेच सांगतील."

मी म्हणालो, "माझा अनुभव चांगला नाही."

चार शब्द. एकही खोटा नाही. मग कोणी काही विचारलंच नाही. आठ दिवसांत जागा रिकामी करावी — एकमताने. ठराव माझ्याच अक्षरात.

१३ मार्च

कोंडाजी दारात आला. आत या म्हटलं तरी आला नाही. "सर, उठवताय तर उठवा. पन काय चुकलं ते तर सांगा. रंग निघाला का कुठं?"

"ते तुला माहीत आहे."

तुला! चार वर्षं त्याला अहो-जाहो करतोय. कोणालाही कामावरून अरे-तुरे करायचं नाही, हा माझा नेम. गेला कुठे?

तो जिना उतरून गेला.

१८ मार्च

गेली दोघं. टेम्पोत मशीन, ताडपत्री, कॉम्प्रेसर. नांदगावला त्याच्या भावाकडे. तिथे गाड्या किती असणार?

पेटीतल्या निळ्या पट्ट्या भिंतीपाशी टाकून गेला. उचलून पाहिल्या. तडकलेल्या, आणि आमच्या दाराला मापाने बसणाऱ्याच नाहीत. मग आमच्या विकल्या असतील. असतील ना?

ठमाबाई जाताना वत्सलाकडे औषधाच्या बाटलीत उरलेला रंग देऊन गेली. "कुठं खरचटलं तर लावा म्हणावं. असाच रंग परत जुळायचा नाय." वत्सलाने विचारलं, "चोर असा रंग देऊन जातो का हो?" तिला चोर हा शब्द कोणी सांगितला? निवृत्तीरावांनी सांगितलं असणार, सगळीकडे. मी तर फक्त चार शब्द बोललो होतो.

वडिलांची आठवण झाली. कारखान्याच्या फाटकावर रोज सुटताना झडती. हात वर करून उभे राहायचे, डबा उघडून दाखवायचे. तीस वर्षांत काही सापडलं नाही, आणि तीस वर्षं कोणी झडती थांबवली नाही. घरी आले की आधी हात धुवायचे. खूप वेळ.

२ एप्रिल

भिंतीपाशी आता स्कूटरी लावतात.

१४ एप्रिल, शनिवार

जयंती. सकाळी वंदना, मग गाडीने मिरवणुकीला. वत्सला पांढऱ्या साडीत. गाडीत बसली, दार ओढून घेतलं आणि सहज म्हणाली, "आता कसं मऊ लागतं. मागे बोट केवढं कापलं होतं माझं या पट्टीखाली! तुम्ही शाळेत सोडलंत त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मी कोंडाजीला दाखवलं. म्हटलं, खाली काहीतरी टोकदार आहे, बघा जरा. तर म्हणाला, भरून घेतो बाई, आता नाय लागायचं."

मी गाडी सुरूच केली नाही. ती म्हणाली, "काय झालं? चला ना, उशीर होतोय."

मिरवणुकीत काय पाहिलं, आठवत नाही. तिला संध्याकाळी सगळं सांगितलं. खिळा, खुणा, चार शब्द. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

वीस वर्षं मुलांना रसायनशास्त्र शिकवतोय. पट्टीवर रंगाखाली काय आहे ते बघायला ॲसिटोनचा एक बोळा पुरला असता. एक बोळा!

१६ एप्रिल

लॅबमधून ॲसिटोन आणलं. कापसाने हलकेच पुसलं. कॉफी रंग उतरला, खाली निळं, आणि निळ्यात राखाडी मसाल्याने भरून घासून सपाट केलेल्या दोन रेघा, एक टिंब. दुसऱ्या दाराला. तिसऱ्या. चौथ्या.

वत्सलाने एकाच दाराचं सांगितलं होतं.

बाटलीतला रंग लावायचा नाही. उद्या अशीच गाडी घेऊन नांदगावला जायचं. आधी चारही दारं उघडून त्याला दाखवायची, मग बोलायचं.