दोन घरांचं एक पिंप

४ सप्टेंबर
मामांनी हलवूनच उठवलं— “नतेर्सिया, तेरांतेझ पिकलीत आणि तू घोरतेस!” ही आमच्या पिको बेटाचीच द्राक्षं. आता कुणी लावत नाही. काळ्या दगडांच्या गडग्यांमध्ये वेल जमिनीवरच लोळतात. एक तर फटीतून थेट शेजारच्या देओलिंदाकाकूंकडे! मूळ आमचं, घड तिकडे.
काकू गडग्यापलीकडून, “तुझ्या मामाला सांग, मुळं खा म्हणावं!”
मामा अलीकडून, “तिला सांग, चोरटी आहेस म्हणावं!”
दोघं हाकेवर, आणि सांगायची मी! किती वर्षं बोलत नाहीत, देव जाणे.
मध्येच एक सरडा द्राक्ष घेऊन पळाला. त्याच्या मागे गेले— टोपली सांडली. शिव्या.

५ सप्टेंबर
तुडवून झालं. पाय चिकट, माश्या मागे! रस मात्र अर्धं पिंपही नाही. रिकाम्या जागेत हवा राहते, मग वाइनचा शिरका. गेल्या साली तेच झालं. मामा म्हणाले, “यंदाही शिरका झाला, तर वेल उपटून मका लावतो.” थट्टा नव्हती.
काकूंकडे डोकावले. त्यांचंही पिंप अर्धंच!

६ सप्टेंबर
म्हटलं, एकत्र ओता की!
मामा, “तिच्या तळघरात? मेलो तरी नाही.”
काकू, “त्याच्या? त्यापेक्षा समुद्रात ओतते.”
म्हणजे अडलंय ते तळघरावर! बाबांचं तळघर त्यांच्या माघारी बंदच आहे. त्यातली मासेमारीची जाळी बाहेर काढली (जुनी शिट्टी सापडली, तासभर तीच वाजवली). संध्याकाळी दोघांनी येऊन तिथल्या एकाच पिंपात रस ओतला. एकमेकांकडे पाठ करून!

९ सप्टेंबर
पिंपाला कान लावला. आत खदखद. छान वाटलं.

११ नोव्हेंबर
सेंट मार्टिनचा सण, नवी वाइन चाखायचा दिवस. गावासमोर पिंप उघडलं, भाजलेले चेस्टनट वाटले. मामांनी घोट घेतला. मग सरळ काकूंकडे वळून, “हिच्यात तुझ्या बाजूचा खारटपणा उतरलाय.”
“आणि तुझ्या बाजूचा आंबटपणा! ओत अजून.”
शिरका नाही! दोघं अंधार पडेस्तोवर भांडले. समोरासमोर! मला कुणी “सांग” म्हणून म्हटलंच नाही.

२ फेब्रुवारी
सकाळी दोघं दारात, हातात तेरांतेझच्या छाटलेल्या काड्या. काकू म्हणाल्या, “तुझ्या बाबांच्या पडीक जागेत लावूया.” मामा म्हणाले, “फळ धरायला तीन-चार वर्षं लागतील. थांबशील, पोरी?”
मी एका कामात वर्षभर तरी कधी टिकलेय? हो म्हणून बसले!