आमच्या बागेतली हवा

ता. ९ डिसेंबर

चि. धाकटीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आम्ही सगळे मजेत. ह्यांचे गुडघे सुधारले, सकाळी बागेत चकरा मारतात. बाग अशी दारातच असली की आजारी पडायला सवडच मिळत नाही बघ!

छकुलीचा खोकला वाढल्याचं वाचून वाईट वाटलं. डॉक्टर म्हणतात, घर बदला. त्यांचं काय जातं बोलायला? तुमच्या खोलीमागे जुने टायर जाळायची भट्टी आहे हे कबूल, पण गल्लीतली बाकीची पोरं वाढतातच ना? खिडकी लावून घेत जा.

थंडीभर तिला माझ्याकडे ठेवायचं म्हणतेस. अगं, सुट्टीत महिनाभर होतीच की. खोकला तसाच होता, तेव्हाच कळवलं होतं तुला. मग उगाच लेकराला आईपासून कशाला तोडायचं?

आणि विचारतेस, ‘ताई, तिच्या औषधाचा पंप भरलेलाच कसा परत आला?’ सख्ख्या बहिणीची उलटतपासणी घेतेस? बरं, नाही लागला पंप. इथे आल्यावर दोन-चार दिवसांत खोकला थांबला. झालं समाधान?

आता ऐकच. बागेत पोरांच्या शर्यती होत्या. आमचा बाळ दरवर्षी पहिला येतो. तुझी ती काडी, जिला जिना चढतानाही मध्येच बसावं लागायचं, ती त्याला मागे टाकून हसत पुढे गेली. शेजारणी टाळ्या पिटत मलाच विचारत होत्या, “कोणाची गं ही गुणाची?” बाळ घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडला. हे घर आम्ही पोटाला चिमटा काढून घेतलं ते त्याच्यासाठी, भाचीला पळवायला नाही. मला राग आला, आणि अजून जात नाही.

दुसऱ्याच दिवशी मी तिची पिशवी भरली. बसमध्ये चढेना. “मावशी, तिकडे छाती वाजते गं.” मी म्हटलं, “वाजू दे, तेवढीच करमणूक.” कंडक्टरसुद्धा हसला.

येत्या रविवारी तिला घेऊन दारात उभी राहू नकोस. वॉचमनला सांगून ठेवलंय.

छकुलीला माझा गोड पापा. धावू नकोस म्हणावं, दम लागेल.

तुझं भलं चिंतणारी,
ताई