दिवा विझल्यानंतरची उत्तरं

३ मार्च

मिळालं! दोन वर्षांची जागा, स्वतःची प्रयोगशाळा, आणि मुख्य म्हणजे स्वतःचं दार!

पत्र वाचल्यावर खुर्चीत बसवेना. नवऱ्याला दवाखान्यात फोन लावला. तो दातांचा डॉक्टर, समोर कुणीतरी आ वासून पडलेलं, तरी ओरडला, "जा! मी आहे ना इथे." दवाखाना सोडून त्याला येता येणार नाही. ठकी त्याच्यापाशी राहील, तिची आत्या शेजारच्याच इमारतीत आहे. मी सुट्टीला येत जाईन. विमानाने अर्धा दिवस — चंद्रावर थोडीच चाललेय!

संध्याकाळी ठकीला विचारलं. सात वर्षांच्या माणसालाही विचारायलाच हवं. ती दारात बसून बुटांचे बंद सोडत होती. "आई दोन वर्षं लांब कामाला गेली तर चालेल ना गं? रोज फोनवर दिसेन. बाबा आहे, आत्या आहे. चालेल ना? चालेल! शहाणी माझी ती." तिने दुसऱ्या बुटाचा बंद सोडायला घेतला. मी तिचा पापा घेतला आणि आत्याला फोन करायला पळाले.

सुटले. मला वाटलं होतं रडारड होईल.

९ मार्च

आत्या विचारत होती, "म्हणजे तू नक्की करतेस तरी काय?" पंचाईत! मी मूळची कागद-पेन्सिलवाली, सैद्धांतिक भौतिकीची. दोन भिंतींच्या मध्ये एक कण भिरभिरतोय, तो कधी आणि कुठल्या भिंतीला टेकेल, एवढंच माझं समीकरण. आमची उंदीरवाली मेंदू आणि वागणूक यांवर काम करते. ती म्हणते, उंदराचं मनही असंच भिरभिरतं आणि मग डावं की उजवं ते ठरतं. मास्तर शिक्षणशास्त्राचा, आधी खरोखरच शाळेत शिकवायचा. तो म्हणतो, वर्गातल्या मुलांचं वेगळं काय असतं? मोठ्या सरांनी आमची तिघांची मोट बांधली. आवळ्याभोपळ्याची मोट! पण शोधनिबंध झकास झाला आणि त्याच्याच जोरावर ही जागा मिळाली.

उंदराचं काम तसं सोपं. पेटीत दिवा लागतो, दोन्ही बाजूंनी टिकटिक ऐकू येते. जिकडे जास्त, तिकडे वळायचं. बरोबर असेल तर पाण्याचा थेंब. वेळेत वळला नाही की दिवा विझतो, ती खेप 'निरुत्तर' म्हणून बाद. प्रोग्रॅममधली ती ओळ माझीच. कुठेतरी थांबायला हवंच ना!

आत्या म्हणाली, "बरं बरं," आणि विषय बदलला.

१७ मार्च

सकाळी दात घासता घासता ठकी म्हणाली, "पिवळी."

काय पिवळी? — परवा मी विचारलं होतं, नवी छत्री कुठल्या रंगाची आणू! निळी आणूनही झाली. म्हटलं, आता निळीच वापर, बाईसाहेब.

२ एप्रिल

दिवसभर नुसत्या येरझारा. कशात मन नाही. कधी एकदा मे संपतोय आणि मी निघतेय!

१० एप्रिल

ऐन कामाच्या वेळी ठकीच्या वर्गशिक्षिकेचा फोन. मी उंदरांचे व्हिडिओ चाळत होते. व्याख्यानात दाखवायला एखादा देखणा उंदीर हवा होता. "ती उत्तरच देत नाही हो," बाई सांगत होत्या. "टॅबवर प्रश्न येतो, वेळ संपते, प्रश्न निघून जातो, आणि ही आपली बघत बसलेली. पुढच्या वर्षी तिला सावकाश शिकणाऱ्यांच्या वर्गात घालावं म्हणतो आम्ही." डोकंच सणकलं. माझी मुलगी? तावातावाने भांडत सुटले आणि व्हिडिओ थांबवायचा राहूनच गेला.

एरवी दिवा विझला की आम्ही पुढचं बघत नाही. बघायचंय काय? आज ते चालूच राहिलं. कॅमेऱ्याला अंधारातही दिसतं. फोन आपटला आणि पडद्याकडे नजर गेली. 'आजोबा' — उंदीरवालीचा सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात मठ्ठ उंदीर — विझलेल्या पेटीत उजवीकडे वळला होता. नळीला नाक लावून पाण्याची वाट बघत बसला होता.

टिकटिक उजवीकडेच जास्त होती. तो बरोबर होता! थेंब मात्र आला नाही, कारण आमच्या लेखी खेळ संपलेला.

११ एप्रिल

उंदीरवालीला हाताला धरून आणलं. दोघी दिवसभर फक्त अंधार बघत बसलो. एक नाही, दोन नाही, अशी उत्तरं ढिगाने! आणि बहुतेक बरोबर. माझ्या समीकरणाप्रमाणे जितका उशीर तितका अंदाजपंचे कारभार. इथे सगळं उफराटं. जे उशिरा वळले ते जास्त नेमके, आणि मी नेमके तेच फेकून दिले.

उंदीरवालीला मात्र आनंदाचं भरतं. "मी म्हणत नव्हते? माझा म्हातारा विचार करतो गं! तू त्याला वेळच दिला नाहीस."

१४ एप्रिल

मोठे सर: "उत्तम. पण आत्ता नको. आधी तिकडे रुजू हो. दुरुस्ती काय, नंतर हळूच छापू."

हळूच!

१९ एप्रिल

मास्तर चहाला आला. त्याला सगळं सांगितलं, तो नुसता हसला. मग तासभर बसला आणि उठताना म्हणतो, "मॅडम, रागावणार नसाल तर बोलतो. मी आल्यापासून तुम्ही ठकीला बरेच प्रश्न विचारलेत. भूक लागली का, गृहपाठ झाला का, काकांना चित्र दाखवतेस का. आणि प्रत्येकाचं उत्तर तुम्हीच देऊन मोकळ्या. मग पोरीने करायचं काय?"

नाकाला मिरच्या झोंबल्या. आला मोठा शिकवायला! त्यात नवऱ्याला चेव. "मी लोकांच्या तोंडात यंत्र घालून प्रश्न विचारतो, तरी माझे पेशंट हिच्यासमोरच्या माणसांपेक्षा जास्त बोलतात." दोघं खो-खो हसले. मी कपबशा जरा जास्तच आवाज करत उचलल्या. ठकी माझ्याकडे बघत होती.

२० एप्रिल

खरं आहे त्याचं. राग त्याचाच येतोय.

२६ एप्रिल

वर्गशिक्षिकेच्या मागे लागून टॅबवरचं घड्याळ बंद करवलं. ठकीला बाकावर बसवलं, बाई एका बाजूला, मी दुसऱ्या. एकेका प्रश्नाला ती खिडकीकडे बघायची, पेन्सिलीचं टोक चावायची. मला तर अंगावर मुंग्या चालतायत असं वाटत होतं. दोनदा तोंड उघडलं, दोनदा बाईंनी डोळे वटारले. मग ठकी बोट उचलायची आणि लावायची — बरोबर! एकच चुकलं, ते माझंही चुकलं असतं. वेगळ्या वर्गाचं बारगळलं. बाई म्हणाल्या, "आम्ही सगळ्याच मुलांचं घड्याळ काढून बघतो."

येताना ठकीचा हात धरून जवळजवळ उड्या मारत आले. मोठंच ओझं उतरलं. आता मी निर्धास्त जायला मोकळी!

४ मे

सरांना न विचारताच नव्या संस्थेला सगळं लिहून टाकलं. तुम्ही ज्या शोधनिबंधावर भाळलात तो अर्धवट आहे, आणि तो अर्धवट करणारी ओळ माझी. कळ दाबली. कुठेतरी वाटतंय, त्यांनीच नाही म्हणावं. असं का वाटतंय? मला तर जायचंय!

५ मे

उत्तर आलंसुद्धा! "मग तर याच. ही भानगडही सोबत आणा. इथे मिळून सोडवू." स्वयंपाकघरात नाचले. नवरा म्हणाला, "काढ तिकीट, नाहीतर हे घर पाडशील." काढलं. एकोणतीस तारखेचं.

ठकी चित्र काढत होती. तिलाही सांगितलं. तिने मान वर केली, पुन्हा खाली घातली.

१८ मे

उंदीरवालीने आजोबाला नवी पेटी दिली. दिवा विझतच नाही. म्हातारा मजेत वळतो, पाणी पितो. मी मात्र बघता बघता दोनदा खुर्चीतून उठले. इतकी सावकाशी मला मेलीला कधी जमणार?

२७ मे

बॅग भरत होते. ठकी पलंगावर बसून माझ्या मोज्यांच्या जोड्या लावून देत होती. मास्तरची आठवण ठेवून आज मी काही विचारलं नाही. जीभ नुसती वळवळत होती. एक जोडी लागली, दुसरी लागली. बाहेर कुणीतरी गाडी लावली, दार आपटलं. तिसरी जोडी तिने हातातच धरून ठेवली.

"नाही चालणार," ती म्हणाली.

"काय गं? मोजे?"

"तू विचारलं होतंस ना. मी बुटांचे बंद सोडत होते तेव्हा."

विमान परवाचं आहे.