तेलकट वाळूवरचं पाऊल

आबा, पुढच्या जूनमध्ये आम्ही तिघं स्कॉटलंडला गोल्फ खेळायला निघालो आहोत. हसू नका, हसलात की तुम्हाला खोकला लागायचा आणि मग आई माझ्यावर डाफरायची. एक मी, एक माझी शुगर तपासणारा डॉक्टर आणि एक नेकनूरकडचा बागाईतदार, ज्याच्या बागेपेक्षा तिचं गेट मोठं आहे. दुपारी पेशंट संपले की डॉक्टरच्या तपासायच्या टेबलावर नकाशा पसरतो, कोपरे उडू नयेत म्हणून खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या ठेवतो, आणि बोटानं किनाऱ्या-किनाऱ्यानं फिरत बसतो. पंखा चालू असतो, नकाशा हलतो, आणि क्षणभर समुद्रच हलल्यासारखा वाटतो.

तिथल्या मैदानांना लिंक्स म्हणतात. समुद्र आणि शेतं यांच्या मधली वाळवट पडीक जमीन. नांगर चालत नाही, झाड टिकत नाही, वारं थांबत नाही. वाळूतले खड्डे म्हणे वाऱ्याला वैतागलेल्या मेंढरांनी बसून बसून पाडले. मी हे वाचून दाखवलं तर बागाईतदार म्हणाला, "म्हंजे गायरानच की बे! गायरान बघायला इमानात बसून कावून जायचं?"

"आपल्या गायरानाला तुझं तारेचं कंपाऊंड हाय म्हणून," डॉक्टर म्हणाला.

आम्ही हसलो. पण 'वाळवट' हा शब्द माझ्या तोंडातून गेला तेव्हाच मी परळीला पोचलो होतो. वीज केंद्राच्या वसाहतीमागचा तो माळ, त्यावर साहेब लोकांनी हौसेनं आखलेलं सहा होलचं मैदान, आणि ते राखणारे तुम्ही. हिरवळीला पाणी कुठलं? म्हणून प्रत्येक भोकाभोवती वाळूचं गोल रिंगण, उडू नये म्हणून तिच्यात गाड्यांचं जळकं ऑइल कालवलेलं. त्याला ब्राऊन म्हणायचे. तुमच्या धोतराला, हातांना, भाकरीच्या फडक्यालासुद्धा त्या ऑइलचा वास. आई म्हणायची, "ह्या माणसाला फोडणीत टाकलं तर तेल घालायला नको."

सकाळ आहे. धुराड्यांची राख हवेत तरंगते आहे, माळाच्या पलीकडचं काही दिसत नाही, आणि मला वाटतं तिकडे समुद्र असणार. तुम्ही समुद्र पाहिलेला नाही, मीही नाही, त्यामुळे नाही म्हणायला कुणी नाही. तुमच्या कमरेला दोरी, दोरीला लोखंडी पाइप, पाइपाला ओलं गोणपाट. भोकापासून निघून तुम्ही गोल गोल फिरत बाहेर येता, तुमची पावलं उमटतात आणि मागून येणारं गोणपाट ती पुसत जातं. शेवटचं पाऊल रिंगणाबाहेर पडतं तेव्हा वाळू अशी दिसते, जणू तिथं कधी कुणी गेलंच नव्हतं.

"आबा, तुमचे पाय कुठं गेले?"

"गोणपाटात," तुम्ही म्हणता. "साहेबाला वाळू दिसली पायजे. आपले पाय कावून दाखवायचे?"

आणि तो रविवार. साहेबांचे पाहुणे आलेले, पहिल्याच ब्राऊनवर कडेला दोन अनवाणी पावलं. माझ्या वयाची, माझ्या मापाची. साहेब म्हणाले, "हे काय आहे?" तुम्ही पुढं झालात. "माझेच पाय हायेत, साहेब." सगळ्यांनी तुमच्या पायांकडं पाहिलं, मग वाळूकडं. त्यांना फार सभ्यपणे हसू येत होतं. साहेबांनी सहाही ब्राऊन पुन्हा ओढायला लावले, उन्हात, सगळ्यांसमोर. घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "खेळताना खाली बघत जा." मार खाल्ला असता तर बरं झालं असतं.

चार वर्षांपूर्वी पुण्याच्या मैदानावर मी पहिल्यांदा काठी हातात घेतली. चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला आणि मी तो एका फटक्यात बाहेर काढला. डॉक्टरनं विचारलं, "हे कुठं शिकलास?" मी म्हणालो, "आमच्या घरात गोल्फ वडिलांपासून आहे." वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं, फक्त वाक्य खोटं होतं. दर आठवड्याला पेपरातल्या सदरातून लोकांची सोंगं फाडणारा माणूस मी. स्वतःचं किती सफाईनं शिवलं, बघा.

ते आता अंगाशी आलं. बागाईतदाराच्या डोक्यात आलं, की आम्हा तिघांत जो जिंकेल त्याला चषक द्यायचा, आणि तो तुमच्या नावाचा. स्मृती चषकांची मी इतकी टर उडवली आहे की बीडात कुणी गेलं तर घरचे लोक आधी माझ्याकडे बघतात. आज दुपारी त्यानं फोनवर चषकाचं चित्र पाठवलं. वर तुमचं नाव, खाली 'ज्येष्ठ गोल्फपटू'. सोबत निरोप: "नाव बराबर हाय का बघ. संध्याकाळी कोरायच्या मशीनवर चढतंय."

मी गच्चीवर येऊन बसलो. तुमचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्याच्याखालून तुमचे पाय पुसून टाकलेले होते. या वेळी गोणपाट माझ्या हातात होतं.

ऊन उतरलं तेव्हा आम्हा तिघांच्या ग्रुपवर लिहून पाठवलं: गोल्फपटू खोडा. वडील माळी होते. मैदान राखायचे. काठी त्यांनी कधी धरली नाही.

डॉक्टरनं वाचलं, उत्तर दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही. बागाईतदाराचा मात्र फोन आला.

"माळी होते व्हय तुझे वडील?"

"होते."

"मग चार वर्सं आमाला कावून फिरवलं बे?"

त्याच्याकडं दुकानातल्या मशीनची घरघर ऐकू येत होती.

"बरं," तो म्हणाला. "'मैदान राखणारे' टाकतो. अक्षर बारीक का मोठं?"

"बारीक," मी म्हणालो. मग म्हणालो, "थांब. मोठं."

स्कॉटलंडातलं सगळ्यात जुनं मैदान रविवारी खेळाला बंद असतं. त्या दिवशी गावातलं कुणीही त्यावरून चालत जाऊ शकतं, कुत्रं घेऊन, पोरं घेऊन. त्या रविवारी दोघांना किल्ला बघायचा आहे. मी नकाशावर रविवारच्या चौकटीत काही लिहिलेलं नाही. चपला हातात घेऊन जाईन म्हणतो.

हा कागद घडी करून त्या नकाशातच राहील. तुम्हाला वाटलं होतं, मी खेळता खेळता चुकून ब्राऊनवर गेलो. चुकून नाही, आबा. तुम्ही नुकतीच ओढलेली वाळू फार सुंदर दिसत होती. मी दोन्ही पाय जुळवून उभा राहिलो, अलगद मागं उडी मारली, आणि पाऊल कसं दिसतंय ते कितीतरी वेळ बघत बसलो.